पाठ, खुबा आणि पुन्हा आखाडा

उज्जैनला मल्लखांबाचे वेड आहे. पेशवाईच्या अखेरच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ऊर्जितावस्थेला आणलेली ही विद्या मध्य प्रदेशाने २०१३ मध्ये राज्यक्रीडा म्हणून स्वीकारली. २०२० चा द्रोणाचार्य पुरस्कार इथलेच प्रशिक्षक योगेश मालवीय यांना लाभला. साहजिकच भैरवगढच्या माझ्या दवाखान्यात पाठ धरून येणारी मुले असतात आणि त्यांच्यासमवेत, एके काळी शेकड्यांनी दंड-बैठका काढलेले वडीलही. दोघांचा प्रश्न एकच : "डॉक्टरसाहेब, पुन्हा सुरू कधी करायचे?"

मी बालरोगतज्ज्ञ असलो तरी हा प्रश्न मलाही पडला. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधील चकती सरकली. ती सावरते न सावरते तोच उजवा खुबा कुरकुरू लागला. नित्याचे सूर्यनमस्कार थांबले. मन खट्टू झाले, हे सांगायला संकोच कशाला?

चकतीचा बाहेर आलेला भाग शरीर बहुधा स्वतःच हळूहळू शोषून घेते. पायात उतरणारी कळ बहुतेकांची सहा ते बारा आठवड्यांत ओसरते. एमआरआयच्या चित्राला मात्र अवाजवी महत्त्व देऊ नये. काहीही दुखत नसलेल्या अनेक प्रौढांच्या चित्रांतही फुगलेल्या चकत्या दिसतात. अपवाद गंभीर आहेत. लघवी अडणे, बैठकीच्या जागी बधिरता येणे, पाऊल लुळे पडणे यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी शल्यचिकित्सक गाठावा.

खरा धोका कळ थांबल्यानंतर सुरू होतो. स्नायू काही आठवड्यांत बळ धरतात. स्नायुबंध आणि हाडे यांना महिने लागतात. दुसऱ्या महिन्यात अंगात आलेली ताकद म्हणूनच फसवी. मी एकच कसोटी पाळली : व्यायामात किंचित दुखले तरी चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते दुखणे वाढलेले नसावे. वाढले, तर मागच्या पायरीवर यायचे.

आपल्या परंपरेला न रुचणारी एक गोष्ट सांगतो. रात्रभर आडवे राहिल्याने चकत्या पाणी शोषून फुगतात, त्यामुळे उठल्याबरोबर पुढे वाकताना त्यांवर अधिक ताण येतो. ब्राह्ममुहूर्तावरील सूर्यनमस्कार कितीही पुण्यप्रद असोत, दुखावलेल्या पाठीने उठल्यावर तासभर तरी चालावे, मग वाकावे. माझे सूर्यनमस्कार आता आठ वाजता होतात. सूर्यनारायणाची तक्रार नाही.

खुब्याचे गणित निराळे. दुखणे जांघेत असेल तर संशय सांध्यावर, बाहेरच्या अंगाला असेल तर बहुधा तेथील स्नायुबंधांवर. खोल बैठकीत मांडीच्या हाडाची मान खुब्याच्या वाटीच्या कडेवर टेकते. म्हणून प्रथम खुर्चीच्या उंचीपर्यंतच बैठका काढाव्यात आणि खोली महिन्या-महिन्याने वाढवावी. मला पूर्ण बैठकीस आठ महिने लागले.

मुलांना मात्र हे वेळापत्रक लावू नये. मागे वाकताना मुलाची कंबर दुखत असेल तर पाचव्या मणक्याच्या कमानीला ताणामुळे चीर पडलेली असू शकते, आणि साध्या क्ष-किरण चित्रात ती दिसेलच असे नाही. वेळीच ओळखली तर साधारण तीन महिन्यांच्या विश्रांतीने ती सांधण्याची आशा असते. "निवडचाचणी होऊ द्या, मग विश्रांती" असे पालक म्हणतात. तिथे मी हट्टी होतो. आणि दहा ते सोळा वयाचे मूल गुडघा दुखतो म्हणून लंगडत आले, तर खुबा तपासल्याशिवाय त्याला घरी पाठवू नये. मांडीच्या हाडाचा गोल माथा सरकत असतो आणि दुखतो गुडघा. अशा मुलाला एक पाऊलही न चालवता खुब्याचे चित्र त्याच दिवशी काढावे.