पैनगंगेचा पूर आणि इसापूरचा जलाशय

श्रावणात सहस्रकुंडाच्या काळ्या पाषाणावरून पैनगंगा कोसळू लागली की ते दृश्य पाहण्यासाठी दूरदूरचे लोक इस्लापूर परिसरात येतात. नदीकाठच्या शेतकऱ्याला मात्र त्याच दृश्यात इशारा दिसतो. धबधब्याच्या निरनिराळ्या धारा एकमेकींत मिसळून एकच गढूळ लोंढा वाहू लागला, म्हणजे काठचा कापूस व सोयाबीन पाण्याखाली जाण्याची भीती निर्माण होते. अशा वेळी एक प्रश्न हमखास विचारला जातो : वर इसापूरचे एवढे मोठे धरण असताना पूर येतोच कसा?

प्रश्न रास्त आहे. बुलढाणा जिल्ह्यात अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावलेल्या पैनगंगेला ऊर्ध्व पैनगंगा प्रकल्पाने इसापूर येथे अडविले आहे. चार किलोमीटरहून अधिक लांबीच्या या मातीच्या धरणाचा उपयुक्त साठा ९६४ दशलक्ष घनमीटर आहे. एवढ्या साठ्यामुळे पुराचे काय होते, हे साध्या हिशेबाने समजते. समजा, अतिवृष्टीमुळे धरणात एक संपूर्ण दिवस एक लाख क्युसेक या वेगाने पाणी आले. हे पाणी सुमारे २४५ दशलक्ष घनमीटर भरेल. त्याच वेळी धरणातून केवळ चाळीस हजार क्युसेक सोडले, तर सुमारे १४७ दशलक्ष घनमीटर पाणी, म्हणजे उपयुक्त साठ्याचा जवळजवळ सातवा हिस्सा, जलाशयात थांबते. पूर नाहीसा होत नाही. त्याची उंची घटते आणि कालावधी लांबतो. शेतात पाणी कंबरभर चढणार की बांधाशी थांबणार, हे पुष्कळदा एवढ्याच फरकावर ठरते.

परंतु हा लाभ जलाशयात रिकामी जागा असेपर्यंतच मिळतो. काठोकाठ भरलेल्या धरणाला आलेले पाणी जवळजवळ तसेच पुढे सोडावे लागते. २००६ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीवरील जायकवाडी धरणातून मोठा विसर्ग करावा लागला, तेव्हा पैठण शहरात पाणी शिरले होते. इसापूर प्रकल्प तर मुख्यतः सिंचनासाठी उभारलेला. धरण भरावे, ही लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांची इच्छा. थोडे रिकामे राहावे, ही खालच्या काठाची गरज. या दोहोंचा मेळ घालण्यासाठी जलाशय प्रचालन सूची असते. पावसाळ्याच्या कोणत्या टप्प्यावर पाणी कोणत्या पातळीपर्यंत साठवावयाचे, हे तीत ठरविलेले असते. इसापूरची पूर्ण संचय पातळी ४४१ मीटर आहे. मात्र पावसाळा बराच शिल्लक असताना ती गाठण्याची घाई केली जात नाही. धरण पूर्ण भरलेले नसतानाही दरवाजे उघडलेले पाहून लोक चकित होतात, कधी संतापतातही. त्याचे कारण या सूचीत असते.

इस्लापूरच्या दृष्टीने याहून महत्त्वाची बाब निराळीच आहे. हिंगोलीकडून येणारी कयाधू नदी पैनगंगेला मिळते ती इसापूरच्या खाली. तिच्या पाण्यावर, तसेच हदगाव, उमरखेड व हिमायतनगर भागातून येणाऱ्या ओढ्यानाल्यांच्या पाण्यावर, इसापूरच्या दरवाजांचे नियंत्रण नाही. दरवाजे पूर्ण बंद असतानाही सहस्रकुंड दुथडी भरून वाहू शकते, ते यामुळेच. कयाधूच्या खोऱ्यात पाऊस कोसळत असताना इसापूरचा विसर्ग काही काळ रोखून धरता आला, तर दोन्ही पूर एकाच वेळी खाली येण्याचे टळते. धरणाचा या परिसराला होणारा मोठा उपयोग हाच. तोही धरणात तेवढी जागा असली तरच.

राज्य पुनर्रचनेपूर्वी पैनगंगा ही वऱ्हाड आणि हैदराबाद संस्थान यांची सीमा होती. इस्लापूर मंडळ १९५६ मध्ये आदिलाबाद जिल्ह्याच्या बोथ तालुक्यातून नांदेडकडे आले. आजही नदीच्या एका काठी नांदेड, तर दुसऱ्या काठी यवतमाळ जिल्हा आहे. त्यामुळे विसर्गाची सूचना दोन्ही जिल्ह्यांच्या यंत्रणांतून गावोगाव पोहोचवावी लागते. सूचनेतील क्युसेकचा आकडा केवळ धरणातून सुटणाऱ्या पाण्याचा असतो. ग्रामपंचायतीच्या फलकावर तो लिहिताना कयाधूच्या खोऱ्यातील पावसाची व पाण्याची माहितीही शेजारी नोंदविली, तर गुरे केव्हा हलवावीत, मोटार केव्हा वर काढावी आणि मुलांना पुलावरून शाळेस पाठवावे किंवा नाही, हे गावकऱ्यांना वेळेवर ठरविता येते.