टोपलीखालचा शनिवार

वेळास, तालुका मंडणगड. मार्चमधला शनिवार.

पहाटे साडेचार. पाहुणे उतरवणाऱ्या काकूंचा थोरला मुलगा बॅटरी घेऊन किनाऱ्यावर निघतो. तो कासवमित्र. रात्री ऑलिव्ह रिडलेची मादी येऊन गेली असेल, तर वाळूत छोटा ट्रॅक्टर फिरल्यासारखा माग दिसतो. मग घरटं शोधायचं, शंभर-सव्वाशे अंडी न उलटवता बादलीत घ्यायची आणि कुंपणातल्या हॅचरीत तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरायची. तोंड अरुंद, तळ रुंद, मडक्यासारखा खड्डा.

साडेपाच. काकूंचा चहा, चौदा माणसांचा. पाणी बंबात.

सात. हॅचरीतल्या घरट्यांवर झाकलेल्या टोपल्या उचलतात. खाली नुसती वाळू. पुण्याचे एक गृहस्थ वैतागतात, "सहा तास गाडी चालवून आलोय हो!" तारीख अंदाजाची असते, मुलगा समजावतो. पन्नास-पंचावन्न दिवस धरायचे. वाळू तापली की पिल्लं लवकर, गारठली की उशिरा. शिवाय वाळू जास्त तापली तर माद्याच अधिक निपजतात. हे ऐकायला मात्र गृहस्थ थांबत नाहीत.

नऊ. पोहे. पुन्हा चहा.

अकरा. काकू नारळ खवतात, मी नुसता बसून ऐकतो. पूर्वी अंडी सापडली की लोक खात, विकत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 मध्ये इथे संरक्षण सुरू केलं, 2006 पासून कासव महोत्सव. पाहुणे गावातल्या घरांतच उतरायचे, असं ठरलं. 'इको' अशी पाटी लावून डोंगर कापणारी रिसॉर्टं मी पाहिली आहेत. या घरावर पाटीसुद्धा नाही. पडवीत गाद्या, मागीलदारी संडास, आणि ज्याच्याकडे पाहुणा त्याच्याकडे पैसा.

एक. पानं वाढली जातात. तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, सोलकढी, मोदक. पंगती दोन.

तीन. काकू जरा आडव्या होतात तोच फोन. "उद्या पिल्लं नक्की दिसतील ना?" "जेवण नक्की मिळेल," काकू म्हणतात. पुण्याचे गृहस्थ घाटातली गर्दी टाळायला याच वेळी निघतात.

सहा. एका टोपलीखाली हालचाल. लोक दोरीमागे, फ्लॅश बंद. पिल्लं पाण्यात सोडत नाहीत, पाण्याच्या अलीकडे वाळूवर ठेवतात. चालत त्यांनीच जायचं. तळहाताहून लहान जीव. एक उलटं होतं, सुलटं होतं, पुन्हा चालू लागतं. पहिली लाट दोघांना मागे फेकते. एक लहान मुलगी ओरडते, "अगं, ऊठ ना!" सगळी पाण्यात जाईपर्यंत कुणी हलत नाही.

साडेआठ. जेवणं. भांड्यांचा ढीग.

दहा. मुलगा वहीत घरट्याचा क्रमांक आणि पिल्लांची संख्या लिहितो. काकू उद्याचे पोहे मोजून ठेवतात. रविवारी माणसं अठरा.