‘कुत्र्याला बर्फ देऊ नये’ : एका निषेधवाक्याचा अर्थविचार

उन्हाळा लागला की ‘कुत्र्याला बर्फ देऊ नये’ हे वाक्य घरोघर ऐकू येऊ लागते. त्यास जोडलेली कारणे मात्र प्रत्येकाच्या तोंडी निराळी असतात. कोणी म्हणतो, बर्फाने जठरास पीळ पडतो. कोणी म्हणतो, बर्फ पोटात गेला की अंगातील उष्णता उलट वाढते. तर कोणी ‘थंडीचा धक्का’ बसून हृदय बंद पडते असे सांगतो. कारणे बदलत राहावीत आणि निष्कर्ष मात्र अक्षरशः तोच राहावा, ही गोष्ट अर्थविचाराच्या अभ्यासकास लक्षणीय वाटल्यावाचून राहत नाही. प्रश्न मूलतः प्राणिवैद्यकाचा आहे हे खरे. परंतु त्या शास्त्राने त्याचे उत्तर पुष्कळसे दिलेले असूनही ते लोकांपर्यंत नीट पोहोचत नाही, आणि त्याचे एक कारण, माझ्या मते, भाषेत आहे.

प्रथम क्रियापदाकडे पाहू. ‘भाकरी देणे’ म्हणजे खाऊ घालणे. ‘शेक देणे’, ‘वाफारा देणे’ म्हणजे बाहेरून उपचार करणे. ‘बर्फ देणे’ ह्या प्रयोगात हे दोन्ही अर्थ संभवतात. ‘बर्फाचे पाणी’ ह्यातील षष्ठीही तशीच मोघम आहे : बर्फ घातलेले पिण्याचे पाणी ते, आणि लादी फोडून टाकलेल्या टबातील पाणी तेही. परिणामी एकाच वाक्याने तीन अगदी वेगळ्या कृतींचा निषेध होतो. धडधाकट कुत्र्याने बर्फाचा खडा चाटणे ही एक. दमून आलेल्या कुत्र्यापुढे गार पाण्याचे भांडे ठेवणे ही दुसरी. आणि उष्माघाताने कोसळलेल्या कुत्र्यास थंड पाण्यात बुडविणे ही तिसरी. पहिल्या दोन कृतींविषयीची भीती बहुतांशी अनाठायी आहे. तिसरीच्या बाबतीत मात्र हा निषेध सरसकट पाळणे प्राण्याच्या जिवावर बेतू शकते.

‘नये’ ह्या रूपाचाही येथे वाटा आहे. ‘तिन्हीसांजेला केर काढू नये’ आणि ‘विजेच्या उघड्या तारेस हात लावू नये’ ह्या दोन्ही वाक्यांची घडण एकच; एकात रूढी आहे, दुसऱ्यात मृत्यू. धोक्याची मात्रा किती, तो कोणत्या अवस्थेत आणि कोणास, ह्यांपैकी काहीच ‘नये’ सांगत नाही. ऐकणारा मात्रा आपल्या भीतीप्रमाणे ठरवितो.

आता कुत्र्याच्या शरीराकडे वळू. त्याचे स्वाभाविक तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सियसच्या आसपास, म्हणजे आपल्यापेक्षा थोडे अधिक असते. घामाच्या ज्या ग्रंथी माणसास उन्हात उपयोगी पडतात, त्या कुत्र्याच्या पायाच्या गाद्यांपुरत्याच असतात. त्यामुळे उष्णता बाहेर टाकण्याचे त्याचे मुख्य साधन म्हणजे धापा टाकणे. ह्या क्रियेचा अभ्यास मोठा मनोरंजक आहे. तापलेला कुत्रा मिनिटाला सुमारे तीनशे वेळा धापा टाकतो, आणि हा वेग त्याच्या श्वसनसंस्थेच्या स्वाभाविक आंदोलनाच्या वेगाशी जुळणारा असतो, म्हणून त्यास श्रम अल्प पडतात, असे क्रॉफर्ड ह्यांनी १९६२ साली दाखविले. १९७० साली श्मिट-नील्सन आणि त्यांचे सहकारी ह्यांनी असे निदर्शनास आणले की, धापा टाकताना हवा प्रामुख्याने नाकावाटे आत जाते आणि तोंडावाटे बाहेर पडते. नाकातील ओलसर पृष्ठभागांवरून वाहणारी हवा तेथील पाण्याची वाफ करते आणि ती वाफ उष्णता घेऊन निघून जाते. सारांश, धापा टाकणारा कुत्रा हा एक चालताबोलता माठ आहे. माठाचे पाणी गार होते ते झिरपलेल्या पाण्याची वाफ झाल्यामुळे. म्हणूनच कोरड्या हवेत, म्हणजे विदर्भाच्या उन्हाळ्यात, माठ उत्तम चालतो आणि कोकणच्या दमट हवेत तो मंदावतो. कुत्र्याचेही तेच होते. मे महिन्यात रत्नागिरीचे तापमान नागपूरपेक्षा पुष्कळ कमी दिसते म्हणून तेथील कुत्रा सुरक्षित, असे मानणे ह्याच कारणास्तव फसवे आहे.

येथे थोडे गणित करून पाहण्यासारखे आहे. २० किलो वजनाच्या कुत्र्याचे तापमान एक अंशाने उतरविण्यास स्थूलमानाने १६,६०० कॅलरी उष्णता काढून घ्यावी लागते. २० ग्रॅमचा बर्फाचा खडा वितळताना सुमारे १,६०० आणि पुढे शरीराच्या तापमानास येईपर्यंत आणखी सुमारे ८०० कॅलरी शोषून घेतो. म्हणजे फार तर एका अंशाचा सातवा भाग. पण तेच २० ग्रॅम पाणी कुत्र्याने धापा टाकून वाफेच्या रूपाने बाहेर टाकले, तर सुमारे ११,६०० कॅलरी, म्हणजे जवळजवळ पाचपट उष्णता निघून जाते. ह्यावरून दोन गोष्टी निघतात. एका खड्याने शरीरात प्रचंड उलथापालथ होईल ही भीती निराधार आहे. आणि एका खड्याने कुत्रा निवेल ही आशाही तितकीच निराधार आहे. बर्फाचे खरे मोल तो वितळून होणाऱ्या पाण्यात आहे.

मग ‘बर्फाने उष्णता वाढते’ ही समजूत एवढी सहज का रुजावी? तिचे परदेशी रूप असे की, पोटात गारवा पोहोचताच मेंदूची समजूत होते की शरीर गारठले, आणि तो उष्णतानिर्मिती सुरू करतो. माणसांवरील प्रयोगांत बर्फाळ पेयाने घाम काहीसा कमी होतो असे आढळले आहे. परंतु उष्णता बाहेर टाकण्याचा वेग किंचित घटणे निराळे आणि तापलेल्या शरीराने नवी उष्णता निर्माण करणे निराळे. आपल्याकडे ह्या कल्पनेस तयार भूमी मिळाली. मराठीत ‘थंड’ आणि ‘उष्ण’ ह्या शब्दांच्या दोन मापनपट्ट्या आहेत, एक स्पर्शाची आणि एक गुणाची. कांदा हातास गारच लागतो, तरी तो ‘थंड’ की ‘उष्ण’ हा वाद थर्मामीटरने मिटत नाही. बर्फ स्पर्शाला थंड आणि गुणाने उष्ण, असे म्हणणारी माणसे पुष्कळ भेटतात. बर्फाविषयीचा संशय तसा जुनाच आहे : अमेरिकेहून जहाजाने बर्फ येऊ लागल्यावर १८३४ च्या सुमारास मुंबईत जमशेटजी जीजीभाईंच्या मेजवानीत आइस्क्रीम वाढले गेले आणि यजमान व पाहुणे ह्यांना सर्दी झाल्याचे वृत्त त्या वेळच्या पत्रात आले, अशी हकीकत इतिहासकार देतात.

जठरास पीळ पडण्याचा विकार हा मात्र काल्पनिक नव्हे. जठर वायूने फुगते, स्वतःभोवती वळते, आणि काही तासांत शस्त्रक्रिया न झाल्यास कुत्रा दगावतो. खोल छातीच्या मोठ्या जातींत, विशेषतः ग्रेट डेनमध्ये, तो अधिक आढळतो. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात ग्लिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासांत वाढते वय, जवळच्या रक्तसंबंधात हा विकार असणे, घाईघाईने खाणे आणि उंचावर ठेवलेले भांडे ह्या गोष्टींशी त्याचा संबंध दिसून आला. पाण्याचे तापमान हे त्याचे कारण असल्याचे सिद्ध झालेले नाही. उन्हातून आलेला कुत्रा गार पाणी अधाशासारखे पितो आणि त्याबरोबर हवाही गिळतो. तेव्हा पाणी थोडे थोडे द्यावे, हा सल्ला रास्त आहे. पण तो घाईविषयीचा सल्ला आहे, बर्फाविषयीचा नव्हे.

पहिल्या कृतीत खरोखर जपावयाचे ते दातांना. टणक खडा दाढेखाली फोडताना वरच्या जबड्यातील मोठी दाढ तडकण्याचा संभव असतो, म्हणून बर्फ कुटून द्यावा हे बरे. शिवाय तो घरचा असावा. बाजारातील लादी ही खाण्यासाठीच केलेली असते असे नाही. खाण्यास अयोग्य अशा बर्फास निळसर रंग देण्याचे बंधन महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली घातले ते ह्याच कारणाने.

आता तिसरी कृती. तापमान ४१ अंशांच्या वर गेले, कुत्रा लडखडू लागला, ओकाऱ्या झाल्या, हिरड्या गडद लाल दिसू लागल्या, सावलीतही धापा थांबेनात, म्हणजे प्रकरण बर्फाच्या खड्यापलीकडे गेलेले असते. ब्रिटनमधील नऊ लाखांहून अधिक कुत्र्यांच्या २०१६ सालच्या वैद्यकीय नोंदी तपासणाऱ्या अभ्यासात उष्णताविकाराच्या निश्चित झालेल्या ३९५ प्रकरणांपैकी सुमारे १४ टक्क्यांत मृत्यू ओढवला. बुलडॉगसारख्या चपट्या तोंडाच्या जातींना धोका अधिक आढळला, आणि ते वर सांगितलेल्या नाकाच्या कार्यावरून अपेक्षितच आहे. अशा वेळी ‘आधी गार करा, मग दवाखान्यात न्या’ असा तेथील तज्ज्ञांचा आग्रह आहे. जुन्या पुस्तकांत मात्र थंड पाणी वर्ज्य सांगितलेले असे : त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतील आणि आतील उष्णता आतच कोंडेल, ही त्यामागची शंका. तरुण व धडधाकट कुत्र्यास थंड पाण्यात बुडविणे, आणि वृद्ध किंवा आजारी कुत्र्यावर पाणी ओतून वारा घालणे, हे उपाय आज ग्राह्य मानले जातात. ओले फडके पांघरून ठेवणे चांगले नव्हे. ते लवकरच तापते आणि वाफेस अडथळा करते.

जुन्या सल्ल्याचे मराठीकरण होताना जे घडते ते मला सर्वांत चिंताजनक वाटते. इंग्रजी पुस्तकातील एका विशेषणासाठी आपण ‘कोमट’ हा शब्द योजतो. मूळ शब्दाचा रोख ‘फार गार नाही’ असा. परंतु मराठीत कोमट पाणी म्हणजे चुलीवर ठेवून किंचित तापविलेले, गुळण्यांचे पाणी. उष्माघाताच्या कुत्र्यासाठी पाणी तापवावयास ठेवणारा माणूस भाषांतराशी प्रामाणिक असतो आणि कुत्र्याच्या दृष्टीने अमूल्य मिनिटे दवडीत असतो. ‘नळाचे पाणी’ हाही असाच शब्द. १९८० साली इस्रायली संशोधकांनी कुत्र्यांवरील प्रयोगांतून उष्माघातात नळाचे पाणी परिणामकारक ठरते असे दाखविले. पण ते नळाचे पाणी १५–१६ अंशांचे होते. चंद्रपूर किंवा जळगावात मे महिन्याच्या दुपारी गच्चीवरील टाकीतून येणारे नळाचे पाणी हातास चटका देते. शब्द तोच, वस्तू निराळी. तेथे माठातील, रांजणातील किंवा विहिरीचे पाणी घ्यावे. आणि टाकीचेच पाणी हाताशी असेल तर त्यात बर्फ टाकावा. निषेधवाक्याचे अक्षर मोडून त्याचा हेतू येथे साधतो.

कुत्रा शुद्धीवर नसेल तर त्याच्या तोंडात बर्फही घालू नये आणि पाणीही ओतू नये. ते श्वासनलिकेत जाते. थर्मामीटर असल्यास तापमान ३९.५ अंशांच्या सुमारास उतरताच गार करणे थांबवावे, अन्यथा ते प्रमाणाबाहेर घसरत राहते. त्यानंतर कुत्रा उठून शेपूट हलवू लागला तरी त्यास पशुवैद्याकडे नेलेच पाहिजे; कारण मूत्रपिंडांस झालेली इजा आणि रक्त गोठण्याच्या क्रियेतील बिघाड ही कित्येकदा काही तासांनी, क्वचित दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी प्रकट होतात.