दुग्धशाळेची जमीन

दुग्धशाळेत शिरणाऱ्याची नजर प्रथम लखलखत्या पोलादी टाक्यांवर खिळते. पायांखालच्या जमिनीकडे कोण पाहतो? परंतु दुधाच्या शुद्धतेला धोका पुष्कळदा तेथूनच संभवतो.

सिमेंटमध्ये चुन्याचा अंश असतो. सांडलेले दूध आंबले, की त्यातील लॅक्टिक आम्लाचा या चुन्याशी संयोग होतो. त्यातून उपजलेला क्षार धुण्याच्या पाण्याबरोबर वाहून जातो, काँक्रीट झिजते आणि खडी उघडी पडते. मग त्या खळग्यांत ओल साचते. लिस्टेरिया नावाचा जंतू अशा ओलीत, शीतगृहाच्या थंडीतही, वाढत राहतो. गर्भवतीच्या बालकाला तो प्राणघातक ठरू शकतो.

यावर रंगाचा पातळ हात फिरविणे म्हणजे निव्वळ डोळ्यांत धूळ फेकणे होय. पोकळ, तुपकट झालेले काँक्रीट भक्कम थर लागेपर्यंत खरवडून काढावे लागते. तेव्हाच लेप धरतो. एपॉक्सीचा लेप दिसावयास देखणा खरा, पण उष्णतेने तो काँक्रीटपेक्षा कितीतरी अधिक प्रसरण पावतो आणि रोजच्या उकळत्या पाण्याने सुटू लागतो. पॉलियुरेथेन व सिमेंट यांच्या मिश्रणाचा 6 ते 9 मिलिमीटर जाडीचा थर अशा जागी अधिक टिकतो. भिंतीलगतचा सांधा गोलाईने भरावा, मोरीकडे उतार ठेवावा, हे ओघाने आलेच.

दूध मात्र सकाळ-संध्याकाळ येतच असते. काम थांबविणे व्यवस्थापकास परवडत नाही. सारे एका रात्रीत उरकण्याचा मोह होतो, आणि ओल्या, तुपकट जमिनीवरच लेप चढविला जातो. पुढे त्याला फुगे येतात. अशा फुग्यावर पाय पडला, की फटीतून आंबूस पाणी वर येते.