जाळ्यालाच विचारून काढलेले नकाशे

इंटरनेटचं पूर्वज असलेल्या आर्पानेट या जाळ्याचा डिसेंबर १९६९मधला नकाशा हाताने काढलेला आहे. चार वर्तुळं, त्यांना जोडणाऱ्या रेघा आणि प्रत्येक वर्तुळाला जोडलेला एकेक चौकोन. वर्तुळं म्हणजे लॉस एंजेलिस, स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूट, सांता बार्बरा आणि युटा इथली जोडणीची यंत्रं. चौकोन म्हणजे तिथले संगणक: सिग्मा ७, ९४०, ३६० आणि पीडीपी-१०. ही जोडणीची यंत्रं बांधणारी बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन ही कंपनी पुढेही वर्षानुवर्षं असे नकाशे काढत राहिली. १९७७च्या नकाशातही सगळं जाळं, त्यातल्या संगणकांच्या नावांसकट, एका पानावर मावत होतं.

तो नकाशा बिनचूक असण्याचं कारण साधं होतं. ज्यांनी जाळं बांधलं, त्यांच्याच दप्तरातून तो निघत होता. कुठली लाइन कुठून कुठे जाते, तिचं भाडं कोण भरतं, बंद पडली तर फोन कुणाला करायचा, हे सगळं एका ठिकाणी लिहिलेलं होतं. १ जानेवारी १९८३ला आर्पानेटने टीसीपी/आयपी ही सामायिक नियमावली स्वीकारली आणि वेगवेगळ्या मालकांची जाळी एकमेकांना जोडली जाण्याची वाट मोकळी झाली. मग असं सामायिक दप्तर कुणाकडेच राहिलं नाही. नकाशा हवा असेल तर आता जाळ्यालाच विचारावं लागणार होतं. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत ही विचारणा करणारी साधनं कशी घडली, आणि त्यांना मिळालेल्या उत्तरांवर आपण किती विश्वास ठेवला, हे मला पुन्हा एकदा नीट पाहावंसं वाटतं.

पहिला प्रश्न अगदी छोटा होता: तू आहेस का? अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत माइक मूस यांनी डिसेंबर १९८३मध्ये एका संध्याकाळी ‘पिंग’ लिहिलं. जाळ्यात काहीतरी बिघडलं होतं आणि ते कुठे, हे त्यांना शोधायचं होतं. पाणबुडी शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून त्यांनी हे नाव ठेवलं. माहितीचं एक छोटं पॅकेट पाठवायचं, समोरच्या यंत्राने ते परत करायचं, मध्ये गेलेला वेळ मोजायचा. हे आपलं सर्वांत प्रसिद्ध काम ठरणार असं ठाऊक असतं, तर आणखी एक-दोन दिवस त्यावर घालवले असते, असं मूस यांनी पुढे लिहून ठेवलं.

पिंगने टोक कळायचं, वाट कळायची नाही. वाटेची गरज तीव्र झाली ती १९८६मध्ये. त्या ऑक्टोबरात लॉरेन्स बर्कली लॅब आणि बर्कली विद्यापीठ यांच्यामधला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. दोन्ही ठिकाणांमध्ये अंतर होतं सुमारे चारशे यार्डांचं. या गर्दीवर उपाय शोधणाऱ्यांमध्ये व्हॅन जेकबसन पुढे होते आणि ‘ट्रेसराउट’ हे त्यांचंच काम. मूळ कल्पना स्टीव्ह डीअरिंग यांनी सुचवली. जेकबसन यांनी ती प्रत्यक्षात आणून १९८८मध्ये सगळ्यांसाठी खुली केली.

तिची करामत थोडी थांबून पाहण्यासारखी आहे. प्रत्येक पॅकेटवर आयुष्याचा एक आकडा लिहिलेला असतो. वाटेतला प्रत्येक राउटर तो एकाने कमी करतो आणि आकडा शून्यावर आला की पॅकेट टाकून देऊन पाठवणाऱ्याला ‘मुदत संपली’ असा निरोप धाडतो. भरकटलेलं पॅकेट जाळ्यात कायम घिरट्या घालू नये, एवढ्यासाठीच ही सोय होती. ट्रेसराउट मुद्दामच एक आकडा लिहून पॅकेट पाठवतं, म्हणजे पहिला राउटर निरोप पाठवून आपला पत्ता सांगतो. मग दोन लिहितं, दुसरा राउटर बोलतो. मग तीन. इंटरनेटचे बहुतेक मोठे नकाशे याच निरोपांतून जोडलेले आहेत. चूक कळवण्यासाठी केलेली सोय आणि अनोळखी माणसालाही उत्तर देण्याची राउटरांची रीत, या दोन गोष्टींवर ही सारी विद्या उभी आहे. नकाशासाठी म्हणून जाळ्यात काहीही ठेवलेलं नव्हतं.

कचेरीच्या आतल्या जाळ्याची गोष्ट थोडी वेगळी. तिथे मालक एकच असतो, त्यामुळे यंत्रांना रीतसर विचारता येतं. त्यासाठीची भाषा, एसएनएमपी, १९८८मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या आधारे ह्युलेट-पॅकार्डच्या ओपनव्ह्यूसारखी साधनं राउटरकडून शेजाऱ्यांची यादी मागून नकाशा स्वतःच काढू लागली. सिस्कोची यंत्रं १९९४पासून एकमेकांना आपली ओळख सांगू लागली आणि २००५मध्ये एलएलडीपी हे त्याचं सर्व कंपन्यांना चालणारं रूप आलं. अशा साधनाने पहिल्यांदा काढलेलं चित्र आणि सर्व्हर रूमच्या दारावर चिकटवलेला जुना आराखडा शेजारी ठेवून पाहावेत. कुणीतरी तात्पुरता म्हणून बसवलेला स्विच, बदली होऊन गेलेल्या माणसाने ओढलेली वायर, यादीतून गळलेला पण अजून चालू असलेला प्रिंटर, हे सगळं तिथे दिसतं. नेटवर्क सांभाळणाऱ्याला त्या चित्राचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

सगळ्या इंटरनेटचं चित्र काढण्याची हिंमत केली ती बेल लॅब्जमध्ये. बिल चेस्विक आणि हॅल बर्च यांनी १९९८मध्ये इंटरनेट मॅपिंग प्रोजेक्ट सुरू केला. जाहीर असलेल्या प्रत्येक नेटवर्ककडे न्यू जर्सीहून रोज ट्रेसराउटसारखी चाचणी पाठवायची आणि मिळालेल्या वाटा साठवायच्या. पॅकेटं जपून आणि सावकाश सोडायची, कुणी हरकत घेतली तर त्याचं जाळं यादीतून वगळायचं, हा दंडक त्यांनी पाळला. मला या प्रकल्पातली ही गोष्ट त्याच्या चित्रांइतकीच मोलाची वाटते.

अर्थात चित्रांनीच तो प्रकल्प गाजवला. लाखभर बिंदू कागदावर मांडायचे कसे, याचा विचार गणितज्ञ आधीपासून करत होते. पीटर ईड्स यांनी १९८४मध्ये सुचवलं होतं की जोडलेल्या बिंदूंमध्ये स्प्रिंगा आहेत असं मानावं, न जोडलेले एकमेकांना दूर ढकलतात असं धरावं आणि सगळं स्थिरावेपर्यंत गणित चालवावं. बर्च यांनी त्या वाटेने जाऊन इंटरनेट मांडलं. सगळ्या रेघा काढल्या तर नुसता गुंता दिसायचा, म्हणून चेस्विक मंडळींनी प्रत्येक ठिकाणापर्यंतची सर्वांत जवळची वाट तेवढी ठेवली. त्यातून फांद्या फुटलेल्या झाडासारखं रंगीत चित्र तयार झालं, डिसेंबर १९९८च्या ‘वायर्ड’ मासिकात ते छापलं गेलं आणि इंटरनेट असं दिसतं, ही समजूत जगभर रुजली. पण त्या चित्राला एकच खोड होतं आणि ते न्यू जर्सीत होतं, कारण मोजणारा तिथे बसला होता.

त्याच साठवणीतून एक गंभीर नोंद निघाली. १९९९च्या वसंतात नाटोने युगोस्लाव्हियावर बॉम्बफेक केली, तेव्हा वीजपुरवठा तुटताच तिथल्या जाळ्याच्या वाटा नकाशातून नाहीशा होत गेल्या आणि वीज आल्यावर काही परतल्या. हजारो मैलांवरून, त्या देशात पाऊल न ठेवता, हे रोजच्या चाचण्यांतून दिसलं.

त्याच सुमारास सॅन दिएगोच्या केडा या संस्थेने ‘स्किटर’ हे असंच मोजणीचं साधन सुरू केलं. २००३मध्ये बॅरेट लायन यांनी ‘ऑप्टे’ प्रकल्पाची चित्रं काढली. त्यातलं एक न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात गेलं.

या काळातला सर्वांत मोठा वाद मात्र चित्रांवरून झाला नाही, तो आकड्यांवरून झाला. १९९९मध्ये मिखालिस, पेट्रोस आणि क्रिस्टोस फालुत्सोस या तिघा भावांनी दाखवलं की इंटरनेटमध्ये थोड्या ठिकाणांना प्रचंड जोडण्या आणि असंख्य ठिकाणांना एक-दोनच, आणि हे प्रमाण एका ठरावीक घात-नियमात बसतं. वर्षभरात ‘नेचर’मध्ये आल्बर्ट, जोंग आणि बाराबाशी यांचा लेख आला: ती मोजकी मोठी केंद्रं उडवली की सगळं जाळं कोसळेल. ही कल्पना इतकी आकर्षक होती की वर्तमानपत्रांपासून सुरक्षातज्ज्ञांपर्यंत सगळ्यांनी ती उचलली.

तिच्या मुळाशी असलेल्या माहितीकडे फारसं कुणी वळून पाहिलं नाही. राउटरांचे आकडे आले होते फ्रान्समधल्या पांसियो आणि ग्राद यांच्या १९९५च्या मोजणीतून. एकूण ३,८८८ बिंदू. दोघांना वेगळ्याच प्रश्नासाठी ते हवे होते आणि त्यातल्या अडचणी त्यांनी स्वतःच मांडल्या होत्या. एका राउटरला अनेक पत्ते असतात; एकाच वाड्याला चार बाजूंनी चार दारं आणि दर दारावर वेगळा घरक्रमांक असावा तसं. ट्रेसराउटला दार दिसतं, वाडा दिसत नाही. २००३मध्ये लखीना, बायर्स, क्रोव्हेला आणि शी यांनी दाखवलं की ज्या जाळ्यात असा नियम मुळीच नाही, तिथेही मोजक्याच ठिकाणांहून ट्रेसराउट केलं तर नियम असल्याचा भास होतो. पुढच्याच वर्षी लुन ली, अल्डरसन, विलिंजर आणि डॉइल यांनी अभियंत्याच्या बाजूने उत्तर दिलं. जाळ्याच्या गाभ्यातल्या राउटरला फार मोठा वेग पेलायचा असतो, म्हणून त्याला जोडण्या थोड्या असतात. खूप जोडण्या असतात त्या काठावर, गिऱ्हाइकांच्या बाजूला. मधला एक खांब उडवला की सगळं पडेल, असा खांब तिथे नव्हताच. इतक्या मोठ्या निष्कर्षाखालची माहिती इतकी कच्ची होती, हे या विषयात काम करणाऱ्या प्रत्येकाने कायम लक्षात ठेवावं असं मला वाटतं.

साधनं सुधारली ती अशाच टोचण्यांमुळे. वॉशिंग्टन विद्यापीठात नील स्प्रिंग, रतुल महाजन आणि डेव्हिड वेदरॉल यांनी २००२मध्ये ‘रॉकेटफ्युएल’ सादर केलं. शेकडो जागांहून मोजायचं, कोणती दारं एकाच वाड्याची हे पॅकेटांवरच्या क्रमांकांवरून ओळखायचं, आणि राउटरच्या नावातून त्याचं शहर वाचायचं, कारण ‘एनवायसी’ अशी अक्षरं नावात असली की तो न्यूयॉर्कचा. दहा कंपन्यांची जाळी त्यांनी अशी उलगडली. त्यात अमेरिकेच्या बलाढ्य कंपन्यांबरोबर आपलं विदेश संचार निगम या दूरसंचार कंपनीचं जाळंही होतं, इतरांच्या मानाने अगदी लहान. त्या वेळी भारताच्या इंटरनेटचं चित्र बाहेरून पाहणाऱ्याला एवढंच दिसत होतं.

ही रीतही निर्दोष नव्हती. राउटर दुसऱ्या शहरात नेला तरी नाव जुनंच राहायचं आणि नकाशावर नसलेले दुवे उमटायचे. २००६मध्ये एका अभ्यासाने ते उघड केलं. त्याच वर्षी पॅरिसच्या संशोधकांनी दाखवलं की वाटेत भार दोन मार्गांवर वाटला जात असेल तर ट्रेसराउटचं एक पॅकेट इकडून जातं, दुसरं तिकडून, आणि दोन्ही टोकं जोडून अस्तित्वात नसलेली वाट काढली जाते. त्यांचं ‘पॅरिस ट्रेसराउट’ सगळी पॅकेटं एकाच मार्गाने नेतं.

आपल्याकडे ट्रेसराउटने एक गोष्ट अगदी स्पष्ट दाखवली. दोन भारतीय कंपन्यांची गिऱ्हाइकं एकमेकांशी बोलत, तेव्हा त्यांची पॅकेटं परदेशात जाऊन परत येत. ही वाहतूक देशातच राहावी म्हणून २००३मध्ये निक्सी ही कंपन्यांची जाळी देशातच जोडणारी व्यवस्था उभी राहिली आणि मुंबईतही तिचं केंद्र झालं. नकाशाची दुसरी बाजू ३० जानेवारी २००८ला दिसली. अलेक्झांड्रियाजवळ फ्लॅग आणि सी-मी-वी ४ या समुद्राखालच्या केबल तुटल्या आणि भारतासह पश्चिम आशियाचं इंटरनेट मंदावलं. राउटरांच्या नकाशात या दोन वेगळ्या वाटा होत्या. समुद्रतळावर त्या एकाच अरुंद पट्ट्यातून जात होत्या आणि पॅकेटांना ते सांगता येत नाही. मुंबईत वर्सोव्याच्या परिसरात अनेक केबल किनाऱ्याला लागतात. तोही धोका ट्रेसराउटमध्ये कधी उमटणार नाही, त्यासाठी केबल टाकणाऱ्यांच्या नोंदीच हव्यात.

दरम्यान विचारण्याचा वेग वाढत गेला. गॉर्डन लायन यांनी सप्टेंबर १९९७मध्ये ‘फ्रॅक’ या नियतकालिकातून ‘एनमॅप’ प्रसिद्ध केलं आणि यंत्र आहे का एवढ्यावर न थांबता त्याचे कोणते पोर्ट उघडे आहेत हेही कुणालाही विचारता येऊ लागलं. २०१३मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या ‘झेडमॅप’ने आयपीव्ही४ या रूढ पत्तापद्धतीतले सगळे सार्वजनिक पत्ते एका संगणकावरून ४५ मिनिटांच्या आत तपासून दाखवले. पण विचारणारे वाढले तसे उत्तर देणारे आटले. विचारणाऱ्यांत हल्लेखोरही होते, म्हणून अनेक राउटरांनी पिंगला उत्तर देणं थांबवलं, फायरवॉल आल्या आणि एमपीएलएस या तंत्राच्या बोगद्यांत वाटेतले टप्पे लपले. मोठ्या क्लाउड कंपन्यांच्या खाजगी जाळ्यांत पॅकेट शिरलं की पुढे ट्रेसराउटच्या यादीत उत्तरांच्या जागी नुसत्या चांदण्या छापल्या जातात.

आयपीव्ही६ या नव्या पत्तापद्धतीने तर सरसकट विचारण्याचा मार्गच बंद केला. तिथे घरातल्या एका साध्या जाळ्यालाही २चा ६४वा घात इतके पत्ते मिळतात. झेडमॅपच्या त्याच वेगाने एवढं एक जाळं तपासायला साडेतीन लाखांहून जास्त वर्षं लागतील.

म्हणून आता भर आहे तो मोजणाऱ्यांच्या जागा वाढवण्यावर. युरोपातल्या राइप संस्थेने २०१०मध्ये ‘अ‍ॅटलस’ सुरू केलं. स्वयंसेवक एक छोटं उपकरण घरच्या राउटरला जोडतात आणि ते तिथून मोजत राहतं. अशी उपकरणं आज दहा हजारांहून जास्त आहेत, पण ती युरोप आणि उत्तर अमेरिकेत दाटली आहेत. नांदेडहून रत्नागिरीला जाणारं पॅकेट मुंबईला वळसा घालतं की हैदराबादला, हे ॲमस्टरडॅममधून मोजून कळत नाही. त्यासाठी नांदेडमधल्या कुणीतरी ते उपकरण मागवून आपल्या राउटरला लावायला हवं.