जालन्याची लोखंडी धूळ आणि गाडीची झळाळी

एमएच-२१ पाटीची पांढरी गाडी जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत रोज उभी राहत असेल, तर तिचं बोनेट एकदा उन्हात न्याहाळून बघा. टाचणीच्या टोकाएवढे तांबूस ठिपके दिसतील. कितीही पुसा, जात नाहीत. मालकाच्या पोटात गोळा येतो, गाडीला गंज चढला म्हणून. पत्रा मात्र आतून ठणठणीत असतो. भंगार वितळवणाऱ्या इंडक्शन भट्ट्या आणि सळई ओढणाऱ्या रोलिंग मिल यांचं हे गाव. हवेतले लोखंडाचे बारीक कण रंगावर बसतात, दवापावसानं ओले होतात आणि तिथंच गंजतात. ब्रेक घासून उडणारी पूड त्यात भर घालते. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात महाराष्ट्रातल्या ज्या शहरांची नावं आली, त्यांत जालना आहे. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण ज्यांनी रचली त्यांच्या काळी हवेत एवढं लोखंड नसावं.

दसरा-दिवाळी आली की दुकानात एकच प्रश्न असतो, ‘सगळ्यात चांगलं पॉलिश कुठलं?’ दुकानदार एक डबी काढून देतो. ती या लोखंडी ठिपक्यांवरच घासली जाते आणि चार दिवसांत गाडी पुन्हा निस्तेज. डबीचा दोष फारसा नसतो. जालन्यात पॉलिश निवडण्याआधी गाडीवर काय बसलंय ते बघावं लागतं.

आधी रंगाची जाडी समजून घेऊ. आजच्या गाडीच्या पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. सगळं मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन, आणि त्यात क्लिअर कोट जेमतेम ४० ते ५०. म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही बारीक. आपण जिला चमक म्हणतो ती या थराच्या सपाटपणावर ठरते. पृष्ठभाग सपाट असला की प्रकाश सरळ परततो आणि रंग खोल दिसतो. ओरखडे, कण, डाग असले की तो विखुरतो आणि काळी गाडी राखाडी वाटू लागते. उन्हातल्या अतिनील किरणांना अडवणारी द्रव्यंही याच थरात असतात. अँबेसेडर-पद्मिनीच्या जुन्या रंगांना क्लिअर कोट नव्हता. रबिंग मारलं की फडक्याला गाडीचाच रंग लागायचा आणि खालून ताजा रंग निघायचा. हात त्या काळात तयार झालेले कारागीर अजून तसंच जोरात रबिंग मारतात. आज मात्र असं जड कंपाउंड फिरवलं की काही मायक्रॉन कायमचे जातात. टपावर नि बोनेटवर पांढरे पापुद्रे सुटलेल्या गाड्या दिसतात ना, त्यांचा क्लिअर कोट संपलेला असतो. तिथं कुठलंही पॉलिश चालत नाही, रंगच द्यावा लागतो.

आता लोखंडाकडे. गाडी धुऊन वाळवा, हातावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवा आणि बोनेटवरून हलकेच फिरवा. नुसत्या बोटांना न कळणारी खरखर पिशवीतून लगेच कळते. ती लागली तर आयर्न रिमूव्हर नावाचा फवारा आणा. त्यातल्या थायोग्लायकोलेट या रसायनाचा लोखंडाशी संयोग झाला की द्रव जांभळा होतो. पांढऱ्या गाडीवरून जांभळे ओघळ उतरताना पाहणं हा एक सोहळाच असतो, फक्त नाकाला रुमाल हवा. केस कुरळे करायच्या औषधासारखा उग्र वास येतो. काम सावलीत करावं, पत्रा थंड असावा, हातमोजे घालावेत आणि द्रव वाळण्याआधी भरपूर पाण्यानं धुऊन टाकावा. तरीही खरखर उरली तर क्ले बार. हा मातीसारखा मऊ गोळा शाम्पूच्या पाण्यात भिजवून हलक्या हातानं फिरवला की चिकटलेले कण उचलून घेतो. जमिनीवर पडला तर मोह न धरता फेकून द्या, कारण त्याला लागलेली वाळू गाडीवर रेघा ओढेल.

दुसरा शत्रू बोअरचं पाणी. त्यातला कॅल्शियम-मॅग्नेशियमचा क्षार उन्हात वाळून पांढऱ्या गोल डागांच्या रूपानं बसतो. ताजे डाग पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी एकत्र करून पुसले तर निघतात, मग लगेच साध्या पाण्यानं धुवावं. जुने डाग रंगात खड्डा करून बसलेले असतात, त्यांना पॉलिशच लागतं. त्यामुळे भर दुपारी गाडी धुऊन ती उन्हातच वाळू देणं म्हणजे डाग विकत घेणं.

एवढं झाल्यावर पॉलिशची पाळी. पॉलिश आणि वॅक्स ही दोन वेगळी कामं आहेत. पॉलिश म्हणजे बारीक घर्षक. ते क्लिअर कोटाचा अगदी पातळ पापुद्रा काढून ओरखड्यांच्या कडा सपाट करतं. वॅक्स काही काढत नाही, वरून झाकतं. नखाला न लागणारे ओरखडे पॉलिशनं जातात. नख अडकलं तर तो नाद सोडलेला बरा. बफिंग मशीन निवडताना स्वतःभोवती फिरत डगमगणारं ड्युअल अ‍ॅक्शन मशीन आणि फोमचा पॅड बरा. जुनं गोल फिरणारं रोटरी मशीन आणि त्यावरची लोकरीची टोपी शिकाऊ हातात गेली, तर ट्यूबलाइटखाली चकचकीत दिसणारी गाडी उन्हात आली की भोवरेच भोवरे दाखवते. आधी सौम्य फिनिशिंग पॉलिश हातभर जागेवर करून बघावं, भागलं तर जड कंपाउंडला हात लावू नये. काही पॉलिशांतलं तेल ओरखडे नुसतं भरून टाकतं, दोन धुण्यांत ते परत दिसतात. म्हणून पैसे देण्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाण्यानं एक कोपरा पुसायला सांगा आणि गाडी बाहेर उन्हात काढून बघा.

वॅक्समध्ये सगळ्यात मोठं नाव कार्नोबाचं. ब्राझीलच्या ईशान्येकडच्या दुष्काळी पट्ट्यातल्या एका ताडाच्या पानांवर हे मेण तयार होतं, ते पानातलं पाणी उडू नये म्हणून. मराठवाड्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको. पानं वाळवून, झोडपून त्याची पूड काढतात. मधमाशीचं मेण ६२-६४ अंशांना वितळतं, कार्नोबा ८२ ते ८६ अंशांना. नैसर्गिक मेणांत ते सगळ्यात कठीण, इतकं की नुसतं फासताच येत नाही, तेल आणि द्रावक घालावं लागतं. तेव्हा डबीवर ‘शंभर टक्के कार्नोबा’ लिहिलेलं असेल तर हसून पुढे जावं. काळ्या, गडद लाल, गर्द निळ्या रंगावर त्यानं येणारी ऊबदार खोली दुसऱ्या कशानं येत नाही. पण मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला आणि काळा पत्रा सत्तरीकडे सरकला, की दोन महिने टिकणारं वॅक्स महिन्याभरातच दम तोडतं.

सिंथेटिक सीलंट दिसायला थोडं काचेरी, पण चार-सहा महिने टिकतं. ‘टेफ्लॉन कोटिंग’ म्हणून जे लावतात तेही बहुधा याच जातीचं. तव्यावरचं टेफ्लॉन ३०० अंशांच्या वर भाजून बसवतात, गाडीचा रंग ते कसं सोसेल? सिरॅमिक कोटिंगचा खर्च हजारांत जातो आणि ते वर्षानुवर्षं टिकतं हे खरं. त्याचा ‘९एच’ मात्र पेन्सिलीच्या कठीणपणाच्या मोजपट्टीवरचा आकडा आहे, हिऱ्या-माणकाच्या नव्हे. ओरखडे त्यावरही पडतात. बोअरच्या पाण्याचे डागही बसतात, म्हणून सिरॅमिक लावूनही गाडी पुसून वाळवण्यातून सुटका नाही.

समृद्धी महामार्गानं नागपूरकडे किंवा मुंबईकडे जाणाऱ्यांनी पावसाळ्यात बंपरवर चिरडलेले किडे मुक्कामी पोचताच ओल्या फडक्यानं काढावेत, ते रंग खातात. पक्ष्यांच्या विष्ठेचंही तेच. पूजेचं हळद-कुंकू आणि नारळाचं पाणी संध्याकाळपर्यंत पुसून घ्यावं, झेंडूच्या हाराची तार पत्र्याला घासू देऊ नये. नवा रंग दिलेल्या भागावर महिना-दोन महिने वॅक्स लावू नये. कारखान्यातला रंग १४० अंशांच्या आसपास भाजलेला असतो, गॅरेजमधल्या रंगाला तेवढी आच मिळत नाही, त्यातला द्रावक उडायला वेळ लागतो.

माझं मत विचाराल तर, उघड्यावर उभ्या राहणाऱ्या पांढऱ्या-चंदेरी गाडीला वर्षातून दोनदा आयर्न रिमूव्हर आणि सीलंट एवढं पुरे. पॉलिश दोन-तीन वर्षांतून एकदा. कार्नोबा गडद रंगाच्या, सावलीत राहणाऱ्या गाडीच्या हौशी मालकानं दिवाळीच्या आदल्या आठवड्यात लावावं, अगदी पातळ, काळ्या प्लॅस्टिकला न लागू देता. आणि रोज सकाळी कोरड्या फडक्यानं धूळ झाडायची सवय आजच सोडा, कारण त्या धुळीत जालन्याचं लोखंड आहे आणि गाडीवरचे बरेचसे ओरखडे त्या फडक्याचेच असतात.