वृत्ति आणि उपजीविका

आपल्या भाषेंत 'वृत्ति' हा मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. मनाची ठेवण हा त्याचा एक अर्थ आणि पोटापाण्याचें साधन हा दुसरा. जोशीवृत्ति, उपाध्यायवृत्ति हे शब्द या दुसऱ्या अर्थाचे. हे दोन अर्थ एका शब्दांत इतकीं वर्षें सुखानें नांदले, याचें कारण उघड आहे. जोशाचा मुलगा जोशी आणि सोनाराचा सोनार, हें जन्मतःच ठरलेलें असे. मनाची ठेवण मागाहून त्यांत जुळवून घ्यावयाची. माणूस आपल्या धंद्याकडे कां ओढला जातो, हा प्रश्न त्या काळीं बहुधा कोणी कोणास विचारीत नसे.

आतां तो घरोघर विचारला जातो. शालान्त परीक्षेचा निकाल लागला कीं वडील मुलाला जवळ बसवून म्हणतात, "बाळ, तुझी आवड कशांत आहे, तें एकदां सांगून टाक." विचारण्यांत ममताच असते. पण पंधरा-सोळा वर्षांच्या मनांत या प्रश्नाचें उत्तर पेटींतल्या दागिन्याप्रमाणें तयार असून केवळ झांकण उघडण्याचाच अवकाश आहे, असें त्यांत गृहीत धरलेलें असतें. ज्याला उत्तर सुचत नाहीं, तो आपणांतच कांहीं उणें आहे असें समजून खंतावतो. ज्याला सुचतें, त्याची अडचण निराळीच. पॉल ओकीफ, कॅरल ड्वेक व ग्रेगरी वॉल्टन या मानसशास्त्रज्ञांनीं २०१८ सालीं आपले कांहीं प्रयोग प्रसिद्ध केले. आवड ही उपजत व ठरलेली असते असें मानणारीं माणसें, ती एकदां सांपडली म्हणजे पुढचा मार्ग सोपा जाईल अशी अपेक्षा करतात. आणि त्याच विषयावरील एखादा कठीण लेख हातीं दिला कीं त्यांचा उत्साह इतरांपेक्षां अधिक ओसरतो, असें त्यांत दिसून आलें.

मला तर वाटतें, ओढ जितकी आंतून येते, तितकीच ती बाहेरून येऊन माणसाला गांठते. आनंदीबाई जोशी वैद्यकाची आवड घेऊन जन्मास आल्या होत्या, असें म्हणावयास आधार नाहीं. चौदाव्या वर्षीं त्यांना मुलगा झाला आणि तो थोड्याच दिवसांत गेला. पुरुष डॉक्टरपुढें आपलें दुखणें बोलून दाखवावयाचें नाहीं, अशी त्या काळच्या बायकांची स्थिति. १८८३ मध्यें बंगालमधील श्रीरामपूर येथें भाषण करून, स्त्री-डॉक्टरांची या देशाला गरज आहे म्हणून मी अमेरिकेस जात आहें, असें त्यांनीं सांगितलें. १८८६ त पदवी मिळाली. १८८७ च्या फेब्रुवारींत, बावीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, त्या गेल्या. त्यांना दिसली ती एक उणीव. ती भरून काढणाऱ्या कामाला वैद्यक हें नांव होतें, इतकेंच.

लक्ष्मणराव किर्लोस्करांना चित्रकार व्हावयाचें होतें. त्यासाठीं ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत दाखल झाले. पण रंगांतील भेद डोळ्यांना नीट कळेनात. 'नशिबांत नव्हतें' एवढ्या दोन शब्दांवर पुष्कळ घरांत हें प्रकरण मिटलें असतें. लक्ष्मणरावांनीं रंग सोडले, रेषा सोडली नाहीं. यंत्रांच्या आकृति काढावयास ते शिकले, पुढें व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेंत त्यांनीं अध्यापन केलें, बेळगांवास सायकलींचें दुकान चालविलें आणि शेवटीं लोखंडी नांगर घडविला. लोखंडानें जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत. त्यामुळें पहिले नांगर खपावयास फार काळ लागला. १९१० सालीं औंध संस्थानांत किर्लोस्करवाडी उभी राहिली. सोळाव्या वर्षीं लक्ष्मणरावांना त्यांची आवड विचारली असती, तर नांगराचें नांव त्यांच्या तोंडीं खचितच आलें नसतें.

सालीम अलींची गोष्ट तर वडीलधाऱ्यांनीं मुद्दाम ऐकण्याजोगी आहे. १९०८ च्या सुमारास या अकरा-बारा वर्षांच्या मुलानें छऱ्याच्या बंदुकीनें एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी? मामांनाहि तें सांगतां येईना. 'जा, खेळ' म्हणून त्याला वाटेस लावणें सोपें होतें. मामांनीं चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलर्ड यांच्याकडे धाडलें. मिलर्डसाहेबांनीं पक्षी ओळखला आणि मग सोसायटीचे खण उघडून पेंढा भरलेले कितीतरी पक्षी मुलाला दाखविले. त्याच्याजवळ होता तो केवळ एक प्रश्न. त्या प्रश्नाला राहण्याजोगें एक घर आहे, हें त्याला त्या दिवशीं कळलें.

पोटाची चिंता मात्र सुटली नाहीं. पदवी नसल्यामुळें सरकारी प्राणिसर्वेक्षण खात्यांतील जागा सालीम अलींना मिळाली नाहीं. बर्लिनला श्ट्रेझमान यांच्या हाताखालीं शिकून १९३० मध्यें ते परत आले, तों मुंबईच्या वस्तुसंग्रहालयांतील त्यांची जुनी जागाहि पैशाअभावीं बंद झालेली. तेव्हां पत्नीसह ते अलिबागजवळच्या किहीम गांवीं जाऊन राहिले. तेथें घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. तासन्‌तास बसून त्यांनीं पाहिलें तें असें: घरटें विणतो तो नर. अर्धें विणून झालें कीं माद्या येऊन पारख करतात; एखादीला तें पसंत पडलें तर ती तेथें राहते, नर घरटें पुरें करतो आणि लगेच शेजारीं दुसरें विणावयास घेतो. 'सुगरण' म्हणून आपण या पक्ष्याला जो मान दिला, तो बिचाऱ्या नराच्या पदरीं कधीं पडलाच नाहीं! हें निरीक्षण १९३१ सालीं प्रसिद्ध झालें आणि पक्षिशास्त्रज्ञांत सालीम अलींचें नांव झालें. तें टिपून घेतलें त्या वेळीं त्यांना नोकरी नव्हती.